योगायोगाचं मोजमाप

१९४७ साली ब्रिटनमध्ये क्षयरोगावरच्या एका प्रयोगासाठी क्रमांक घातलेली बंद पाकिटं तयार झाली. प्रत्येक पाकिटात एक कार्ड आणि कार्डावर एकच अक्षर, ‘एस’ किंवा ‘सी’. रुग्णाची निवड पक्की झाली की मध्यवर्ती कार्यालयात त्याच्या क्रमांकाचं पाकीट उघडायचं. ‘एस’ निघालं तर त्याला स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध, दर सहा तासांनी एक अशी दिवसाला चार इंजेक्शनं. ‘सी’ निघालं तर त्या काळी सगळ्यांना मिळे तोच उपचार, म्हणजे अंथरुणात पडून पूर्ण विश्रांती. पाकिटात काय आहे हे रुग्ण निवडणाऱ्या डॉक्टरांना आधी कळण्याची सोयच नव्हती.

रुग्ण १५ ते ३० वयाचे होते. दोन्ही फुप्फुसांत वेगानं पसरणारा क्षय. एकूण १०७ जण. ५५ जणांच्या वाट्याला औषध आलं, ५२ जणांच्या वाट्याला नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी मोजदाद झाली. औषध घेणाऱ्या ५५ पैकी ४ जण दगावले होते. विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४.

४ आणि १४. आकडे ऐकताच मन निकाल देऊन मोकळं होतं: औषध लागू पडलं. पण क्षयाची चाल लहरी असते. काही रुग्ण औषधाशिवायही सावरतात, काही सगळी काळजी घेऊनही खचत जातात. पाकिटं तर नशिबानं वाटलेली. मग जे मुळात तगणारच होते असे रुग्ण योगायोगानं ‘एस’ गटात जास्त आले असले तर? हा फरक औषधानं घडवला की पाकिटांनी?

या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देता येतं, ही मला माणसाच्या बुद्धीची सर्वांत थक्क करणारी कमाई वाटते. दुर्बिणीनं लांबचं दिसू लागलं, सूक्ष्मदर्शकानं बारीक दिसू लागलं. पण योगायोग ही तर दिसणारी वस्तूच नव्हे. तिचंही माप घेता येतं. औषधांची दुकानं, लसींची वेळापत्रकं, डॉक्टरांनी लिहून दिलेली प्रत्येक चिठ्ठी आज या मापावर उभी आहे.

राणीच्या डॉक्टरांची नाणेफेक

या विचाराचा उगम एका डॉक्टरांकडेच सापडतो. जॉन आर्बथनॉट हे इंग्लंडच्या ॲन राणीचे वैद्य. त्यांनी लंडनमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी चाळल्या, १६२९ ते १७१० अशा ८२ वर्षांच्या. एक गोष्ट त्यांच्या नजरेत भरली. ८२ पैकी प्रत्येक वर्षी मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा जास्त होती. एकाही वर्षाचा अपवाद नाही.

आर्बथनॉट यांनी आपला दावा थेट सिद्ध करायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी उलट बाजूनं सुरुवात केली. समजा, मुलगा होणं किंवा मुलगी होणं ही निव्वळ नाणेफेक आहे. मग एखाद्या वर्षी मुलगे जास्त भरतील, एखाद्या वर्षी मुली. प्रत्येक वर्ष म्हणजे नाण्याची एक फेक. तसं असेल तर ओळीनं ८२ वेळा छापा पडण्याची शक्यता किती? ८२ वेळा २ लिहून त्या सगळ्यांचा गुणाकार केला की जी संख्या येते, तितक्यांतून एकदा. ती संख्या सुमारे ४८ वर २३ शून्यं इतकी भरते. इतका मोठा योगायोग मानण्यापेक्षा ‘ही नाणेफेक आहे’ हे गृहीतच सोडून देणं शहाणपणाचं, असं त्यांनी ठरवलं.

शाळेच्या भूमितीत आपण अप्रत्यक्ष सिद्धता शिकलो, तिचंच हे भावंड. सिद्ध करायचं त्याच्या उलट मानायचं आणि ते मानणं कुठं घेऊन जातं ते पाहायचं. भूमितीत आपण अशक्य गोष्टीला जाऊन भिडतो, इथं अतिशय दुर्मीळ गोष्टीला. ‘काहीही विशेष घडलेलं नाही, दिसतो तो निव्वळ योगायोग’ या सुरुवातीच्या मानण्याला पुढं ‘शून्य परिकल्पना’ असं नाव मिळालं. वैद्यकातली प्रत्येक सांख्यिकी चाचणी आजही इथूनच निघते.

आर्बथनॉट यांनी शेवटी निष्कर्ष काढला तो ईश्वरी योजनेचा. मुलग्यांचे मृत्यू जास्त होतात, म्हणून विधात्यानंच ते जास्त जन्माला घातले, असं त्यांचं म्हणणं. नाणेफेक नाही, इतकं त्यांच्या गणितानं पक्कं दाखवलं होतं. मग काय आहे, हे गणितानं सांगितलेलं नव्हतं, ते त्यांनी स्वतः जोडलं. योगायोग बाजूला सारणं आणि कारण सापडणं ही दोन वेगळी कामं आहेत, हा धडा त्या पहिल्याच चाचणीत दडलेला आहे.

झोपेचे जास्तीचे तास

पुढं सुमारे दोनशे वर्षांनी, १९०८ साली, विल्यम गॉसेट या तरुणानं एक निबंध प्रसिद्ध केला. तो डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात काम करायचा. कंपनीच्या नियमामुळं त्याला स्वतःच्या नावानं लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं ‘स्टुडंट’ हे टोपणनाव घेतलं. जगभरच्या वैद्यकीय संशोधनात आज रोज वापरली जाणारी टी-चाचणी याच निबंधातून निघाली.

गॉसेटनं उदाहरण म्हणून घेतली होती झोपेच्या औषधांची आकडेवारी. अमेरिकेत मिशिगनमधल्या कालामाझू इथल्या मनोरुग्णालयातले १० रुग्ण. प्रत्येकाला दोन वेगवेगळी औषधं वेगवेगळ्या रात्री दिली आणि औषधाविना येणाऱ्या झोपेपेक्षा किती तास जास्त झोप लागली ते मोजलं. पहिल्या औषधानं सरासरी ०.७५ तास झोप वाढली, दुसऱ्यानं २.३३ तास. फरक दीड तासाहून थोडा जास्त. पण रुग्ण दहाच. विश्वास ठेवायचा?

इथं एक सुंदर गोष्ट दिसते. प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याशीच करा. दहापैकी नऊ जणांना दुसऱ्या औषधानं जास्त झोप लागली, एकाला दोन्हींनी सारखीच, आणि उलट निकाल कुणाचाही नाही. दोन्ही औषधं सारख्याच ताकदीची असती, तर प्रत्येक रुग्ण म्हणजे एक नाणेफेक. नऊ फेकींत नऊ छापे पडण्याची शक्यता ५१२ मध्ये १. आर्बथनॉट यांचंच नाणं, या वेळी झोपेसाठी फेकलेलं. टी-चाचणी याच्या पुढं जाते. फरक कोणत्या बाजूला आहे एवढ्यावर न थांबता तो किती तासांचा आहे आणि रुग्णारुग्णांत किती कमीजास्त होतो, हेही ती हिशेबात धरते. आधी आलेल्या चाचण्यांना मोठे नमुने लागत. थोड्या रुग्णांवरूनही प्रामाणिकपणे किती म्हणता येईल, याचा नियम गॉसेटनं दिला.

अशा चाचण्या आज डझनांनी आहेत, कारण माहितीच्या जाती अनेक आहेत. रक्तदाब, साखर, झोपेचे तास अशी मोजमापं असतील तर टी-चाचणी. ‘जगला की दगावला’, ‘बरा झाला की नाही’ अशी गणती असेल तर कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडलेली काय-वर्ग चाचणी. रुग्ण किती दिवस जगले हा प्रश्न असेल तर त्यासाठी आणखी वेगळी. रूपं निरनिराळी, पण प्रत्येकीच्या पोटातला प्रश्न एकच: नुसत्या योगायोगानं इतकं घडलं असतं का?

१०७ चिठ्ठ्या

आता पुन्हा त्या क्षयरोग्यांकडे येऊ. तिथला हिशेब कुणालाही घरी बसून करून पाहता येईल असा आहे.

१०७ कोऱ्या चिठ्ठ्या घ्या. त्यांपैकी १८ चिठ्ठ्यांवर काळा ठिपका द्या, कारण दोन्ही गट मिळून मृत्यू ४ अधिक १४, म्हणजे १८ झाले. आता शून्य परिकल्पना मनापासून माना. औषधात काही दम नाही. जे १८ जण गेले ते कोणत्याही गटात असते तरी गेलेच असते. मग पाकिटांनी फक्त एवढंच ठरवलं की ठिपक्याच्या चिठ्ठ्या कोणत्या ढिगात पडाव्यात. सगळ्या चिठ्ठ्या एका मडक्यात घालून नीट ढवळा, न पाहता ५५ उचला आणि त्यांतले ठिपके मोजा. चिठ्ठ्या परत टाका, पुन्हा ढवळा, पुन्हा उचला.

दर वेळी साधारण ९ ठिपके हाती लागतील. कधी ८, कधी १०, अधूनमधून ६ किंवा १२. पण चार किंवा त्याहून कमी? १०७ मधून ५५ निवडण्याचे प्रकार प्रचंड आहेत, १ वर ३१ शून्यं लिहिल्यावर जितके होतील तितके. तरीही गणितानं त्या सगळ्यांचा हिशेब काही मिनिटांत लागतो. हा खेळ १०,००० वेळा खेळलात तर चार किंवा कमी ठिपके जेमतेम ६४ वेळा येतील. औषधानं उलट अपाय केला असता तर तोही आपल्याला कळायला हवा होता, म्हणून दुसऱ्या टोकाचे तितकेच विरळ निकालही मोजायचे. सगळे मिळून १०,००० मध्ये सुमारे ९०. म्हणजे शंभरात एकाहूनही कमी.

नुसत्या योगायोगानं इतका किंवा याहून मोठा फरक पडण्याच्या या शक्यतेचं नाव पी-व्हॅल्यू. फुप्फुसांच्या एक्स-रेंचा निकाल याहून ठसठशीत होता. एक्स-रे तपासणाऱ्या तज्ज्ञांना कोणता फोटो कोणत्या गटातल्या रुग्णाचा हे सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या मते औषधाच्या ५५ पैकी २८ जणांत लक्षणीय सुधारणा होती, विश्रांतीच्या ५२ पैकी फक्त ४ जणांत. इतका फरक निव्वळ योगायोगानं पडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी निघाली.

मडक्याच्या या खेळात एक गोष्ट चटकन नजरेआड होते. हा हिशेब करायचा अधिकार आपल्याला मिळाला तो पाकिटांमुळे. डॉक्टरांनी मनानं रुग्ण निवडले असते, तर ‘कोणतीही वाटणी तितकीच शक्य’ असं म्हणता आलं नसतं. एखाद्या डॉक्टरानं कळवळून अत्यवस्थ रुग्णाला औषध दिलं असतं, दुसऱ्यानं जगेल असं वाटणाऱ्याला. माणसाच्या निवडीचं गणित कुणालाच मांडता येत नाही, चिठ्ठ्यांचं येतं. म्हणून या प्रयोगाची सांख्यिकी रचना करणारे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी योगायोगाला मागच्या दारानं शिरू दिलं नाही. त्याला पुढच्या दारानं आत घेतलं, त्याच्या हाती पाकिटं दिली, म्हणजे त्याची प्रत्येक सवय ओळखीची राहिली. हे मला कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच विचारात होतो.

हिल स्वतः डॉक्टर नव्हते. त्यांना व्हायचं होतं. पण पहिल्या महायुद्धात वैमानिक असताना त्यांना क्षयानं गाठलं आणि वैद्यकाचं शिक्षण राहून गेलं. त्यांनी अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि पुढं सांख्यिकीकडे वळले. ज्या रोगानं त्यांची वाट अडवली, त्याच रोगावरचा हा प्रयोग वैद्यकाच्या इतिहासात मैलाचा दगड ठरला. औषध न मिळालेल्या ५२ जणांचं काय, हा प्रश्न टोचतो आणि टोचायलाच हवा. युद्धानंतरच्या ब्रिटनकडे हे अमेरिकेचं औषध सगळ्यांना पुरेल इतकं विकत घ्यायला पैसा नव्हता. बहुतेकांना ते मिळणारच नव्हतं. पण त्या रुग्णांना आपण प्रयोगात आहोत हे सांगितलं गेलं नाही. आज रुग्णाची लेखी संमती घेतल्याशिवाय असा प्रयोग सुरूच करता येत नाही, आणि हे योग्यच आहे.

पाच वर्षांनंतर

‘पी-व्हॅल्यू शंभरात एकाहून कमी’ याचा अर्थ पुष्कळ जण असा घेतात की औषध निरुपयोगी असण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. शिकलेली माणसंही असं म्हणतात. पण मडक्याकडे पुन्हा पाहा. औषधात दम नाही हे आपण आधी मानलं आणि त्या जगातच सगळे खेळ खेळलो. ते जग खरं असण्याची शक्यता किती, हे त्याच जगात राहून कसं मोजणार? चाचणी इतकंच म्हणते: औषध निरुपयोगी असतं, तर असा निकाल क्वचितच दिसला असता. पुढचा निवाडा आपल्याला करायचा असतो, रोगाची, शरीराची, आधीच्या प्रयोगांची सगळी माहिती समोर ठेवून.

निवाडा घाईनं केला तर काय होतं, हे याच प्रयोगानं दाखवलं. त्याच १०७ रुग्णांचा पुढं पाठपुरावा झाला. पाच वर्षांनी औषधाच्या ५५ पैकी ३२ जण दगावले होते आणि विश्रांतीच्या ५२ पैकी ३५. आता ६७ ठिपके देऊन तोच मडक्याचा खेळ खेळा. इतका फरक दर दहा खेळांत साधारण चार वेळा सहज पडतो. सहा महिन्यांनी लखलखीत दिसलेला फायदा पाच वर्षांनी योगायोगातून वेगळा काढता येईना.

सहा महिन्यांची चाचणी खोटी नव्हती. औषधानं जंतू खरोखर मारले होते. पण जे थोडे जंतू उरले, ते औषधाला दाद न देणारे होते, आणि तेच वाढत गेले. चाचणीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं होतं. फक्त प्रश्न सहा महिन्यांपुरता होता. संशोधकांनी हे लपवलं नाही. उलट लगेच पुढचा प्रयोग हाती घेऊन दाखवलं की स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला पॅस हे दुसरं औषध दिलं तर जंतू निर्ढावण्याचं प्रमाण पुष्कळ घटतं. क्षयाला एकाच वेळी अनेक औषधं का द्यायची, याचं मूळ इथं आहे. आज आपल्या गावातल्या सरकारी दवाखान्यात टीबीच्या रुग्णाला औषधांचं मिश्रण मिळतं, ते त्या निराशेतून मिळालेल्या शहाणपणामुळं.

पाच वर्षांचा तो पाठपुरावा करणाऱ्यांपैकी वॉलेस फॉक्स हे डॉक्टर १९५६ साली मद्रासला आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून तिथं क्षयरोग केंद्र काढलं होतं. तोवर क्षय म्हणजे सॅनटोरियम, असं समीकरण होतं. आपल्याकडेही मिरज, पाचगणी ही नावं घरोघरी त्याच संदर्भात घेतली जात. पण लाखो गरिबांसाठी खाटा आणायच्या कुठून? मद्रासमध्ये १९३ रुग्णांची चिठ्ठ्यांच्या पद्धतीनं वाटणी झाली. काहींवर सॅनटोरियममध्ये आणि काहींवर त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत, तीच औषधं देऊन उपचार झाले. वर्षाअखेर सॅनटोरियमच्या ९२ टक्के आणि घरच्या ८६ टक्के रुग्णांचा रोग आटोक्यात होता.

हा सहा टक्क्यांचा फरक योगायोगातही बसणारा होता. पण इथं सावध राहायचं. ‘फरक सिद्ध झाला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही वेगळी वाक्यं आहेत. क्षयाच्या पहिल्या प्रयोगात समजा १०७ ऐवजी २१ च रुग्ण असते, औषधाच्या ११ पैकी १ दगावला असता आणि विश्रांतीच्या १० पैकी ३. प्रमाण जवळपास तेच. पण इतक्या थोड्या चिठ्ठ्यांत असा निकाल चारांतून एकदा आपसूक पडतो. चांगलं औषधसुद्धा हाती लागून निसटलं असतं. येर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी या दोन चुका स्पष्ट वेगळ्या केल्या: नसलेला गुण दिसणं आणि असलेला गुण न दिसणं. रुग्णसंख्या पुरेशी नसेल तर दुसरी चूक हमखास होते. मद्रासच्या निकालात महत्त्वाचं हे होतं की फरक असलाच तर तो लहान होता, आणि रुग्ण घरी राहिल्यानं घरातल्यांना जास्त लागण झाली नाही. लाखो रुग्णांना घरी राहून बरं होण्याची वाट त्यामुळं मोकळी झाली.

तर्क पटला तरीही

चाचणी नसती तर काय झालं असतं, याचं सर्वांत दुखरं उदाहरण अमेरिकेतलं आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांच्या हृदयाचे ठोके कधी कधी चुकतात, आणि असे ठोके चुकणाऱ्यांत अचानक मृत्यू जास्त होतात. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ते चुकणारे ठोके थांबवत. मग ती जीवही वाचवत असणार, हा तर्क कुणालाही पटेल असाच होता. डॉक्टर ती औषधं देत होते. इतक्या उघड गोष्टीची परीक्षा कशाला, असंही काहींना वाटत होतं.

तरीही परीक्षा झाली. औषधाच्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले. औषधासारख्याच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्या ७४३ पैकी २६. योगायोगानं इतकी तफावत दहा हजारांत जेमतेम एकदा पडते. १९८९ साली प्रयोगाचा तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. ठोके सुधारत होते आणि माणसं जात होती. एकेका डॉक्टराला हे कधीच कळलं नसतं, कारण हृदयविकाराच्या रुग्णाचा मृत्यू झाला तर त्यात नवल काय, असंच प्रत्येकाला वाटलं असतं. दोन गट शेजारी ठेवल्याशिवाय न दिसणारं सत्य असतं ते असं.

मिथुन आणि तूळ

१९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या प्रयोगात हृदयविकाराचा झटका आल्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण होते. पहिल्या पाच आठवड्यांत रक्तवाहिन्यांशी संबंधित मृत्यू किती झाले ते पाहिलं. ॲस्पिरिनच्या ८,५८७ जणांत ८०४, ॲस्पिरिन नसलेल्या ८,६०० जणांत १,०१६. सहज मिळणारी, अगदी स्वस्त गोळी, आणि इतके जीव. योगायोगाची शक्यता लाखात एकाहून कमी.

मग संशोधकांनी मुद्दाम एक गंमतशीर पण अतिशय गंभीर काम केलं. रुग्णांची जन्मतारखेवरून ठरणाऱ्या पाश्चात्त्य राशींप्रमाणे विभागणी केली. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांत ॲस्पिरिनचा फायदा दिसेना, उलट किंचित तोटाच दिसला. बाकीच्या राशींत घसघशीत फायदा. म्हणजे मिथुन राशीच्या रुग्णाला ॲस्पिरिन देऊ नये का? अर्थातच द्यावं. संशोधकांना हेच दाखवायचं होतं की मोठ्या समूहाचे लहान तुकडे करत गेलं की कुठल्या ना कुठल्या तुकड्यात योगायोग आपला खेळ दाखवतोच.

याचा हिशेब सोपा आहे. पी-व्हॅल्यू पाच टक्क्यांहून कमी असेल तर फरक योगायोगाचा नाही असं धरायचं, ही मर्यादा सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळं रूढ झाली. ती सोयीची म्हणून घेतलेली रेषा आहे, निसर्गाचा नियम नव्हे. औषधात दम नसताना त्या रेषेनं एक चाचणी केली तर फसगत होण्याची शक्यता शंभरात ५. पण बारा राशींसाठी बारा वेगळ्या चाचण्या केल्या, तर एकदा तरी फसगत होण्याची शक्यता शंभरात ४६. वीस केल्या तर ६४. म्हणून कोणता प्रश्न विचारायचा हे आकडे हाती येण्याआधी ठरवून लिहून ठेवावं लागतं. आकडे पाहून मग प्रश्न शोधला, तर उत्तर नेहमीच ‘सापडतं’.

गडचिरोलीतली गावं

हे सगळं शास्त्र महाराष्ट्राच्या टोकाला, गडचिरोलीच्या खेड्यांत, वेगळ्याच ताकदीनं उभं राहिलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. वजन घेणं, ऊब देणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर अँटिबायोटिकचं इंजेक्शन देणंसुद्धा. तुलनेसाठी ४७ गावं होती.

चिठ्ठ्या टाकून एकेका बाळाची वाटणी इथं शक्य नव्हती. एका गावातली बाळं एकमेकांपासून सुटी नसतात. पाणी, हवा, दाई, रस्ता, गरिबी सगळं सामायिक. त्यामुळं हिशेब गावांच्या समूहाचा धरावा लागतो. आणि कामाआधीचे दर नोंदवून ठेवले नसते, तर दोन्हीकडची गावं मुळात सारखी होती का हे कळलंच नसतं. ते १९९३ ते १९९५ या काळात नोंदवलेले होते. नव्या कामाच्या तिसऱ्या वर्षी ३९ गावांत नवजात बाळांचा मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत तो ६० च्या आसपासच होता. हा फरक योगायोगानं पडण्याची शक्यता हजारात एकाहून कमी. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं हे निष्कर्ष छापले. नवजात बाळ वाचवायला मोठं रुग्णालयच लागतं, ही समजूत इथं ढासळली. पुढं देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणं समाविष्ट झालं.

त्या स्त्रियांच्या हातांना गुण आहे हे गावकऱ्यांना चाचणीशिवायही जाणवलं असेल. पण दिल्लीतल्या आणि जिनिव्हातल्या माणसाला ते पटवून देणारी भाषा या चाचणीनं दिली.

वाचकांना एक विनंती आहे. ‘अमुक गोळीनं तमुक रोग बरा होतो’ अशी बातमी समोर आली की चार प्रश्न विचारा. तुलना कशाशी केली होती? माणसं किती होती, आणि ती चिठ्ठीनं वाटली होती का? प्रश्न आधी ठरला होता की आकडे पाहून? आणि फरक योगायोगाचा नसेल, तरी जगण्यात जाणवण्याइतका मोठा आहे का? हा चौथा प्रश्न विसरू नका. हजारो माणसांवरच्या प्रयोगात क्षुल्लक फरकसुद्धा योगायोगाच्या पलीकडचा ठरतो, आणि तो आपल्या खिशाला व शरीराला परवडेलच असं नाही.

उत्तरं शोधायला आपल्याकडे सोय आहे. भारतात होणाऱ्या वैद्यकीय प्रयोगांची नोंद ठेवणारी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री–इंडिया’ २००७ साली सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या प्रयोगांची आगाऊ नोंदणी तिथं सक्तीची आहे. प्रयोगाचा मुख्य प्रश्न काय, माणसं किती, मोजणार काय, हे रुग्ण घेण्याआधीच तिथं लिहावं लागतं. ही नोंदवही सगळ्यांसाठी खुली आणि मोफत आहे. तुमच्या घरात एखादा आजार असेल, तर त्याचं नाव टाकून ती एकदा अवश्य उघडून पाहा.